प्रोफाइल दिव्याची कुळकथा

रंगमंचावर काटेकोर कडेचा प्रकाश टाकणारा, आपल्याकडील प्रकाशयोजनाकार ज्याला 'प्रोफाइल' म्हणतात, तो दिवा लंबवर्तुळाच्या एका गुणधर्मावर उभा आहे: लंबवर्तुळाला दोन नाभी असतात आणि एका नाभीतून निघालेला किरण वक्रावरून परावर्तित होऊन दुसरीतून जातो. त्याआधीच्या स्पॉटमध्ये एक दिवा आणि एक बहिर्गोल भिंग एवढाच सरंजाम असे आणि भिंगावर न पडणारा प्रकाश पेटीच्या भिंतींतच जिरे. १९३३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील क्लीगल ब्रदर्स आणि सेंच्युरी लायटिंग या दोन कंपन्यांनी लंबवर्तुळाकार परावर्तक वापरून हा प्रकाश गोळा केला. सेंच्युरीच्या दिव्याला लेव्ही आणि कुक या भागीदारांच्या आडनावांवरून 'लेको' हे नाव पडले आणि अमेरिकेत पुढे ते साऱ्या जातीलाच चिकटले.

गोळा झालेला प्रकाश 'गेट' नावाच्या लहान झरोक्याशी एकवटतो. तेथे 'शटर' म्हणजे धातूच्या चार सरकत्या पात्या, तसेच 'गोबो' ही नक्षी कापलेली चकती बसते आणि पुढची भिंगे या गेटचीच प्रतिमा रंगमंचावर उमटवतात. प्रतिमा उलटी पडत असल्याने वरची पाती आत ढकलली की खालचा प्रकाश कापला जातो, आणि नवख्याचा हात येथे हमखास चुकतो.

मात्र तप्त तारेतून बाहेर पडणारी बहुतांश ऊर्जा अवरक्त किरणांची, म्हणजे उष्णतेची असते. परावर्तक प्रकाशाबरोबर तीही गेटवर आणून ओतत असे, त्यामुळे पात्या वाकत, गोबो करपत आणि रंगीत जिलेटिन लवकर फिके पडे. हे दुखणे जवळजवळ साठ वर्षे चालले. त्यावरचा उतारा विस्कॉन्सिनमधील ईटीसी कंपनीने आणला, जी फ्रेड फॉस्टर आणि त्यांच्या सोबत्यांनी विद्यार्थिदशेत, १९७५ मध्ये, प्रकाश-नियंत्रणाचे संगणकीय यंत्र बनवताना सुरू केली होती. डेव्हिड कनिंगहॅम यांच्या रचनेवरून १९९२ मध्ये आलेल्या तिच्या 'सोर्स फोर' दिव्यात काचेच्या परावर्तकावर असा बहुस्तरीय मुलामा होता, की दृश्य प्रकाश पुढे वळे आणि बरीचशी उष्णता काचेतून मागे निघून जाई. कौतुक या काचेचेच अधिक झाले, परंतु श्रेयाचा मोठा वाटा दिव्यातील तारेचा आहे: तिची चार वेटोळी इतकी जवळजवळ बसवली होती की जवळपास सारा प्रकाश नाभीपाशीच निर्माण होई. ५७५ वॅटचा हा दिवा जुन्या १००० वॅटच्या दिव्याच्या तोडीस तोड ठरला.

एलईडीने हा प्रश्नच वेगळ्या जागी नेला, कारण तिच्या झोतात उष्णता नगण्य असते. ती चिपच्या पाठीशी साठते आणि धातूच्या पंखांनी व पंख्याने बाहेर काढावी लागते, आणि मग शांत प्रवेशात त्या पंख्याची घरघर प्रेक्षागृहापर्यंत पोहोचू नये ही नवी चिंता उभी राहते. तरीही सोर्स फोरच्या एलईडी आवृत्तीत गेट, शटर आणि पुढची भिंगनळी कायम राहिली. नाट्यगृहांना जुन्याच नळ्या नव्या दिव्यांवर चढवता आल्या.