बाराखडी पाठ झाली, वाचन कुठे आहे?

‘मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, म्हणून ती वाचायला शिकवण्यासाठी वेगळे शास्त्र लागत नाही.’ हे विधान आपल्याकडे इतके मुरले आहे की ते एक मत आहे आणि त्याची शहानिशा व्हायला हवी, असे कुणाला वाटतच नाही. शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, निरोप समारंभाच्या भाषणांत ते सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. मांडणारी माणसे बहुधा भाषेवर जीव असलेली असतात. म्हणून तर प्रतिवाद करायचा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘बट’ यांची शेवटची अक्षरे सारखी, उच्चार निराळे. तिथे मुलांचा गोंधळ उडणारच. देवनागरीत मात्र ध्वनी तसे चिन्ह आणि चिन्ह तसा ध्वनी. मुळाक्षरे गिरवून घ्या, बाराखडी तोंडपाठ करून घ्या, रोज पानभर शुद्धलेखन काढायला लावा. दुसरीच्या दिवाळीपर्यंत मूल वाचू लागते. आपण सगळे असेच शिकलो. ध्वनींची जाण, अक्षर फोडून वाचणे, वाचनाचा ओघ वगैरे इंग्रजीवाल्यांची दुखणी. त्यांचे औषध आपल्या मुलांना कशाला?

यातले जे खरे आहे ते आधीच मान्य करतो. देवनागरी इंग्रजी लेखनापेक्षा कितीतरी नियमित आहे. परदेशी संशोधन जसेच्या तसे उचलून मराठीच्या गळ्यात बांधणाऱ्यांचा मलाही तिटकारा आहे. परंतु लिपी नियमित असणे आणि ती शिकायला सोपी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. सगळा घोटाळा इथे आहे.

लिपीच्या नियमितपणाने वाचन आपोआप येत असते, तर भारतात न वाचणारे मूल औषधालाही सापडायला नको होते. कारण हा नियमितपणा मराठीची मक्तेदारी नाही. हिंदी, कन्नड, तेलुगू, गुजराती, बंगाली, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच दावा करता येतो. वस्तुस्थिती काय आहे? ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2024च्या अहवालात पाचवीतील जेमतेम 48.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. कोविडच्या साथीच्या आधी, 2018मध्ये, हा आकडा 50.5 होता, म्हणजे सगळे खापर साथीवर फोडण्याचीही सोय नाही. निम्मी मुले पाच वर्षे ‘सोप्या’ लिपीसमोर बसून कोरडी राहतात. मग सोपे म्हणायचे तरी कशाला?

आता ‘बोलतो तशी’ हा भाग. कोण बोलतो तशी? ‘असर’ची पाहणी खेड्यांपुरती, ठाणे जिल्ह्यातल्या शहाडसारख्या ठिकाणचे वर्ग तिच्यात येत नाहीत, पण प्रश्न तिथे अधिकच धारदार होतो. एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेले उल्हासनगर, मध्ये सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यामागे चहूकडून आलेली कामगार कुटुंबे, आणि आसपासच्या गावांत आगरी बोली. अशा वर्गात कुणाच्या घरी भोजपुरी असते, कुणाच्या सिंधी, कुणाच्या तेलुगू. आगरी घरातले मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणते. ही चूक नव्हे, त्या बोलीची ती रीतच आहे. बाई सांगतात, ‘बोलतोस तसे लिही.’ मूल प्रामाणिकपणे ‘पानी’ लिहिते. वहीवर लाल फुली पडते. वाचकहो, निवाडा तुम्हीच करा: नियम कुणी पाळला आणि कुणी मोडला?

बोलीचे राहू द्या, प्रमाण मराठीचेच घ्या. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एकच लिहितो, उच्चारतो दोन. ‘बसला’ असे लिहितो, म्हणतो ‘बस्ला’. ‘आणि’ ऱ्हस्व, ‘पाणी’ दीर्घ. जिभेला या दोन वेलांट्यांतला फरक जाणवतो असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? ‘ऋषी’मधला ऋ आणि ष, दोन्ही आपण र आणि श यांच्या जवळपास नेऊन सोडतो. उच्चार ऐकून लेखन ठरत असते, तर मराठी साहित्य महामंडळाने नियम कशाला केले असते? 1962मध्ये शासनाने 14 नियम स्वीकारले, 1972मध्ये आणखी चार जोडले. अठरा नियम लागणाऱ्या लेखनाला ‘बोलतो तसे’ म्हणणे धाडसाचे आहे.

आणि जिथे लिपी पूर्ण नियमित आहे, तिथेही ती डोळ्याला सरळ नाही. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी क-च्या आधी येते, तोंडात मात्र ती क-नंतर उमटते. उकार खाली लटकतो, मात्रा डोक्यावर बसते, काना बाजूला उभा राहतो. र-चे तर विचारूच नका: ‘क्रम’मध्ये तो पायाशी, ‘अर्क’मध्ये माथ्यावर, ‘राष्ट्र’मध्ये तळाला टोपी घालून. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक म्हणजे समुद्र आणि डोंगरांमधली खोल जागा यांतला फरक, आणि तो एका छोट्याशा वळणावर तोललेला असतो. ही नुसती तक्रार नव्हे. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002मध्ये हिंदी वाचकांवरील अभ्यासात दाखवून दिले की स्वरचिन्हाची लिहिण्याची जागा आणि उच्चाराचा क्रम जुळत नाही, तिथे शब्द वाचायला अधिक वेळ लागतो. सोनाली नाग यांनी 2007मध्ये कन्नड मुलांबाबत दाखवले की इंग्रजीची 26 अक्षरे ओळखण्याच्या मानाने आपल्या अक्षरमालेचे ज्ञान कितीतरी सावकाश पक्के होते. चौथीपर्यंत ते चालूच असते. देवनागरी आणि कन्नड. यातले ‘इंग्रजीवाल्यांचे’ काय आहे?

बाराखडीकडे वळतो, कारण पूर्वपक्षाचा बालेकिल्ला तो आहे. बाराखडी पाठ असलेल्या पहिलीतल्या मुलासमोर मधलेच ‘के’ बोट ठेवून दाखवा. पुष्कळ मुले क्षणभर गप्प राहतात आणि मग ओठांतल्या ओठांत ‘क, का, कि, की, कु, कू’ असे म्हणत ‘के’पर्यंत चालत जातात. हे पाठांतर आहे, वाचन नव्हे. मुलाला सूर ठाऊक आहे. चिन्हाचा ध्वनीशी सांधा जुळलेला नाही. हेच मूल पुढे अनोळखी शब्दापुढे अडते, तेव्हा आपण म्हणतो, ‘लक्ष नाही.’ लक्ष आहे. कौशल्य दिलेले नाही.

शिवाय हिशेब करून पाहा. 34 व्यंजनांना बारा रूपे म्हणजे 408 आकार. क-ची अख्खी बाराखडी आली तरी तिच्यातून काका, काकी, काकू, केक यापलीकडे वाचण्याजोगे फारसे निघत नाही. उलट क, म, स, र ही चार अक्षरे आणि एकच काना शिकवा: काम, मासा, रस, मामा, कसा, सारा, सरक, कमरा. पहिल्याच आठवड्यात मूल कुणी न सांगितलेला शब्द स्वतः उलगडते. एकच चिन्ह अनेक अक्षरांना लावून पाहिले की ‘का’, ‘मा’, ‘सा’ यांत समान काय आहे हे त्याला कळते, आणि काना हा ‘आ’चा ध्वनी आहे हे गुपित फुटते. एकदा ते फुटले की 408 आकार वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. थोडी अक्षरे, थोडी चिन्हे, लगेच शब्द, लगेच वाक्य: पुरावे या क्रमाच्या बाजूने आहेत. आणि परंपरेची दुहाई देणाऱ्यांना एक आठवण: ग, म, भ, न अशी सुरुवात करून वर्णमालेचा क्रम मोडण्याचे काम मराठी शिक्षकांनीच कधीचे केले आहे. सारख्या वळणाची अक्षरे एकत्र घेतली तर मुलाचा हात लवकर बसतो, हे त्यांनी मुलांकडे पाहून ओळखले.

दुसऱ्या टोकाचेही मत आहे. त्याला घाईत बाजूला सारणे अन्याय होईल. ते म्हणते, अक्षरे फोडत बसूच नका. मूल भोवतालच्या पाट्या पाहून अख्खे शब्द ओळखते, तेच वाचन. शहाड स्टेशनवर ये-जा करणारे मूल पाटीकडे बोट करून ‘शहाड’ म्हणेलही. आता पाटीवरचा श हाताने झाका. उरते ‘हाड’. शेवटचा ड झाका, उरते ‘शहा’. हे दोन शब्द त्याला वाचता आले, तर ते वाचते. नाही आले, तर त्याला पाटीचा चेहरा ठाऊक आहे, इतकेच. पाट्यांचा तिरस्कार मात्र नको. कसाऱ्याच्या मार्गावर पुढे आंबिवलीत अनुस्वार, वेलांटीच्या दोन्ही तऱ्हा, टिटवाळ्यात ळ, खर्डीत रफार. कल्पक शिक्षकाला लोकलचा नकाशा हाच वाचनपाठ आहे, अट एवढीच की नाव फोडून वाचायला शिकवावे. अर्थ आधी की अक्षर आधी, हा वाद निष्फळ आहे. अमेरिकेत 2000 साली राष्ट्रीय वाचन समितीने शेकडो अभ्यास चाळून ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनी संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन या पाचही गोष्टी लागतात असे म्हटले. मूल अक्षरे जुळवत असतानाच शिक्षकाने रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची आणि तिच्यावर मुलांशी बोलायचे. दोन्ही.

आता शुद्धलेखन. पुस्तकातला उतारा रोज वहीत उतरवण्याला आपण हे भारदस्त नाव दिले आहे. ‘पाऊस’ दहा वेळा लिहायला दिलेल्या मुलाची वही कधी जवळून पाहिली आहे? हुशार मूल आधी दहा ओळींत एकाखाली एक ‘पा’ लिहून काढते, मग दहा ‘ऊ’, मग दहा ‘स’. श्रमविभागणी उत्तम. ‘पाऊस’ हा शब्द मात्र एकदाही लिहिला गेला नाही. दुसरे एखादे मूल तिसऱ्या ओळीत ‘पाउस’ लिहिते आणि पुढच्या सात ओळी पुस्तकातून न उतरवता स्वतःच्याच ओळीवरून उतरवते. चूक सात वेळा घोटली जाते.

लेखन पक्के होते ते आठवून लिहिल्याने आणि शब्दांतली रीत कळल्याने. फूल–फुले, मूल–मुले, धूर–धुराने, सून–सुनेला, वीट–विटा हे शब्द फळ्यावर शेजारी मांडा आणि ‘काय बदलले?’ एवढेच विचारा. तिसरी-चौथीतली मुले उपान्त्य दीर्घाचा नियम स्वतः शोधतात. ‘उपान्त्य’ हा शब्द उच्चारावाही लागत नाही. मग वर्गात न आलेले ‘पूल’, ‘पुलावर’, ‘ऊस’, ‘उसाला’ श्रुतलेखनात घाला. ‘गुण’, ‘सुख’ हे संस्कृतातून आलेले पाहुणे नियम पाळत नाहीत, तेही सांगा. अपवाद लपवून ठेवले की मुलांचा नियमावरचा विश्वासच उडतो.

‘पण आम्ही तसेच शिकलो ना?’ हा युक्तिवाद सर्वांत लाडका आणि सर्वांत लुळा. ‘आम्ही’ म्हणजे शिकून उरलेले. पहिली-दुसरीतच गळालेले हे वाक्य बोलायला व्यासपीठावर येत नाहीत. 1951च्या जनगणनेत देशात साक्षरता सुमारे 18 टक्के होती. शाळाच नसणे, गरिबी, जात ही तिची मोठी कारणे, हे कबूल. पण त्या काळच्या पद्धतीचे यश उरलेल्यांवरून मोजायचे आणि गळालेल्यांचा हिशेबच ठेवायचा नाही, हा कुठला न्याय? आणि हे सारे परदेशातून आले म्हणणाऱ्यांनी ठाणे जिल्ह्याचाच इतिहास पाहावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला आणि 1957पासून कोसबाडला आदिवासी मुलांसमोर बसून पद्धती घडवल्या, मोडल्या, पुन्हा घडवल्या. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. अलीकडे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातील यादगीरमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षे मागोवा घेतला. वर्गातला बराच वेळ उतरवून घेण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जातो, अर्थावर बोलणे फार थोडे होते, आणि तिसरी संपतानाही अनेक मुले उताऱ्याशी झगडत असतात, असे त्यांना दिसले. वाडा शहाडपासून काही सातासमुद्रापार नाही.

उरतो शेवटचा आक्षेप, तो सचोटीचा आहे: एवढ्या मुलांत, एवढ्या कामांत हे जमायचे कसे? शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गात 30 मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे; जिथे तो नाही तिथे दोष शिक्षकाचा नाही. मात्र उत्तर प्रदेशात ‘प्रथम’ या संस्थेच्या शिबिरांत इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट केले आणि थोड्याच दिवसांत वाचनात ठळक भर पडली, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या चाचण्यांत नोंदले गेले आहे. अक्षरावर अडलेले एका कोपऱ्यात, शब्दावर अडलेले दुसऱ्या, उतारा वाचणारे गोष्टीच्या पुस्तकांपाशी. यासाठी नवी तासिका लागत नाही. ‘पाऊस’ दहा वेळा उतरवण्याची तासिका वेळापत्रकात आहेच. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी आधी तिचा हिशेब द्यावा.