एकोणीस मतं आणि दारूबंदी

अमेरिकेतल्या निवडणुकांच्या बातम्या सुरू झाल्या की 'प्रायमरी' हा शब्द कानावर पडतोच. पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे नेत्यांनी बंद खोलीत ठरवायच्या ऐवजी त्या त्या राज्यातले मतदार मत देऊन सांगतात, अशी ती पद्धत. १९३२ साली, तिकडे दारूबंदी चालू असताना, मॅसॅच्युसेट्सच्या प्रायमरीत अल स्मिथने फ्रँकलिन रूझवेल्टला चांगलंच लोळवलं होतं. स्मिथ दारूबंदीचा उघड विरोधक. तरी शेवटी शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती रूझवेल्टलाच. (डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली, ते वेगळं.) थोडक्यात, लोकांनी सांगितलं एक आणि झालं दुसरंच. पण निदान विचारलं तरी!

मग मनात आलं, आपल्या मुंबई राज्यात इतकी वर्षं दारूबंदी होती, ती आपल्याला कुणी विचारून आणली का?

आधी थोडं मागे जाऊ. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याच्या तिजोरीत शेतसाऱ्याखालोखाल पैसा यायचा तो अबकारीचा. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावरही सरकारचा हात पडला. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांचा कायदा केला, का तर आदिवासींनी घरी दारू गाळू नये आणि सरकारमान्य गुत्त्यावरची विकत घ्यावी. त्यामुळे काँग्रेसने दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं सुरू केली तेव्हा त्यात नीतीचा भाग होताच, पण इंग्रजांची तिजोरी रिकामी करायचा हिशेबही होता. १९३० साली गांधीजींनी हे काम मुद्दाम बायकांकडे दिलं. दारूने संसार कुणाचे मोडतात हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्याच्या विधानसभेत १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसला मिळाल्या. मुख्यमंत्री (तेव्हाचा शब्द 'पंतप्रधान') कोण होणार? सगळ्यांच्या तोंडी नाव होतं खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचं. मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष, शहराचे माजी महापौर, रेक्लमेशनचा घोटाळा चव्हाट्यावर आणणारे 'वीर' नरिमन. आज नरिमन पॉइंट म्हणतो ते यांच्याच नावाने. पण निवडून आलेल्या आमदारांची बैठक झाली आणि नेता ठरले बाळासाहेब खेर. नरिमननी जाहीर आरोप केला की हे वल्लभभाई पटेलांनी घडवून आणलं. प्रकरण गांधीजींपर्यंत गेलं, त्यांनी आणि बहादुरजी नावाच्या वकिलांनी चौकशी केली आणि निकाल नरिमनच्या विरोधात दिला. एवढा मोठा माणूस, त्यानंतर काँग्रेसच्या राजकारणात जवळजवळ संपलाच.

मी काही नरिमनचा वकील नाही. ते मुख्यमंत्री झाले असते तरी दारूबंदी आलीच असती कदाचित, कारण तो पक्षाचाच कार्यक्रम होता. मला खटकतं ते इतकंच, की हा सगळा निवाडा मतदाराच्या नजरेआड झाला. आणि तेव्हाचा मतदार तरी कोण? शेतसारा भरणारा, घरपट्टी भरणारा, शिकलेला. मिठागरावर मजुरी करणाऱ्या माणसाला मत नव्हतंच. त्याच्या संध्याकाळच्या ताडीचं काय करायचं, हे १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात ठरलं तेव्हा तो त्या हिशेबात कुठेच नव्हता. अबकारी खातं होतं डॉ. गिल्डर यांच्याकडे. ते स्वतः पारशी, आणि दारू-ताडीच्या धंद्यात पारशी मंडळी पुष्कळ. त्यांच्या घरच्या जेवणावळी कशा झाल्या असतील कोण जाणे! पुढे नोव्हेंबरात मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला आणि तो प्रयोग लंगडा पडला.

खरी दारूबंदी आली स्वातंत्र्यानंतर. १९४९ चा कायदा, आणि ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी. तारीख लक्षात घ्या. ६ एप्रिल म्हणजे दांडीला मीठ उचलल्याचा दिवस. गांधीजींना वाहिलेलं फूलच ते. पण आमच्या घणसोलीत ही तारीख जरा वेगळी वाचावी लागते. आम्ही आगरी, आगर म्हणजे मिठागर. बयचे (म्हणजे माझ्या आजीचे) वडील १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात ठाण्याच्या तुरुंगात गेले, आणि १९५० नंतर तिचा सख्खा भाऊ हातभट्टीपायी त्याच तुरुंगात गेला. एका घरातले दोघं, तुरुंग एकच. पहिल्याचा फोटो आजही हार घालून भिंतीवर आहे. दुसऱ्याचा विषय निघाला की मंडळी चहा घ्या म्हणतात. (नाव लिहीत नाही, नातेवाईक वाचतात.)

खाडीचा काठ, चिखल, खारफुटी, मचवे, आणि पलीकडे तहानलेली मुंबई. यातून काय होणार ते उघड होतं. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचे डबे. माल भरून न्यायला गाडीच्या चाकातल्या रबरी ट्यूब. ताडी होती तेव्हा माणूस चार पेले पिऊन ओट्यावर झोपायचा; हातभट्टीने माणसं आंधळी झाली, मेली. मात्र बय दारूबंदीच्याच बाजूची होती, शेवटपर्यंत. "तुला काय समजं, तू कदी मार खाल्ला नाय," असं म्हणून तिने माझे सगळे युक्तिवाद एका वाक्यात निकालात काढले होते. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

१९५२ ला पहिल्यांदा तिला मत मिळालं, आणि त्या भावालाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चित्र. तिने बैलजोडीच्या पेटीत मत टाकलं. मुंबई राज्यात काँग्रेसला ३१५ पैकी २६९ जागा मिळाल्या, म्हणजे बयसारखे पुष्कळ होते. पण गंमत पुढे आहे. दारूबंदीचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता, खेरांच्या सरकारातले गृहमंत्री मोरारजी देसाई, स्वतःच्या बलसाड-चिखली मतदारसंघात समाजवादी उमेदवाराकडून पडले. किती मतांनी? एकोणीस! एकोणीस मतं कशानेही इकडची तिकडे होतात, त्यामुळे हा दारूबंदीवरचा कौल होता असं मी म्हणणार नाही. पण माणूस पडला हे तर खरं? तरी आमदारांच्या बैठकीत नेता म्हणून निवड झाली मोरारजींचीच. एप्रिलमध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि मग पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. घटनेत सहा महिन्यांची सवलत आहे, त्यात बेकायदा काहीच नाही. १९३७ ला लोकांच्या तोंडचा माणूस बैठकीत मागे पडला, १९५२ ला लोकांनी पाडलेला माणूस बैठकीत वर आला.

पोलिसांच्या धाडी चालूच राहिल्या. १९६० ला राज्य दुभंगलं. गुजरातने बंदी ठेवली. महाराष्ट्रात साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने ती हळूहळू सैल केली, परवाने वाटले. ती सैल करतानाही 'दारूबंदी हवी की नको' असं मतदाराला वेगळं कुणी विचारलं नाहीच! कायदा मात्र रद्द झाला नाही. आजही कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, आणि तो देणारा कायदा १९४९ चाच. स्टेशनकडून गावात शिरताना जे बार लागतात, त्यांतल्या किती गिऱ्हाइकांच्या खिशात तो असेल, ते पुढच्या खेपेला कुणीतरी विचारून पाहा आणि मला कळवा.