व्हेल शार्क संरक्षण, भारतातील
व्हेल शार्क (शास्त्रीय नाव ऱ्हिंकोडॉन टायपस) हा विद्यमान माशांतील सर्वांत मोठा मासा होय. दक्षिण आफ्रिकेतील टेबल उपसागरात मिळालेल्या नमुन्यावरून अँड्रयू स्मिथ यांनी १८२८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. इतर मुशी व पाकट यांच्याप्रमाणे त्याचा सांगाडा हाडांचा नसून उपास्थींचा असतो [⟶ मुशी]. प्लवक व लहान मासे पाण्यातून गाळून तो खातो. माणसास तो निरुपद्रवी आहे. तो उशिरा प्रजननक्षम होत असल्यामुळे एकदा घटलेली त्याची संख्या लवकर भरून येत नाही.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मच्छीमार या माशाच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना जलाभेद्य लेप देण्यासाठी वापरीत. मोठा आकडा मारून, त्यास बांधलेल्या पिंपांच्या साहाय्याने ते माशास दमवीत. यावरून तेथे त्याला ‘बॅरल’ असेच नाव पडले. १९९० नंतरच्या दशकात मांसाला परदेशातून मागणी आली आणि वेरावळ व आसपासच्या बंदरांत शिकार वाढली. माइक पांडे यांच्या २००० सालच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या अनुबोधपटामुळे तिकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

मे २००१ मध्ये केंद्र शासनाने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्कचा समावेश केला. हे संरक्षण मिळालेला तो भारतातील पहिला मासा होय. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्व मुशी व पाकट अनुसूचीत घालण्यात आले. परंतु उपजीविकेवर गदा आल्याने मच्छीमारांनी विरोध केला व डिसेंबरमध्ये यादी दहा जातींपुरती मर्यादित झाली. तीत व्हेल शार्कखेरीज गंगा मुशी, करवत मासे इत्यादींचा अंतर्भाव होता.

शिकार थांबण्यास केवळ कायदा पुरेसा नव्हता. म्हणून २००४ मध्ये गुजरात वन विभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया व टाटा केमिकल्स यांनी लोकशिक्षणाची मोहीम हाती घेतली. कथाकार मोरारी बापू यांनी या माशाची तुलना बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीशी केली. ‘बॅरल’ऐवजी ‘व्हाली’ म्हणजे लाडकी हे नाव रूढ झाले. जाळ्यात अडकलेला मासा सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते. मच्छीमाराच्या दृष्टीने ही मोठी हानी असल्याने तीपोटी शासन अर्थसाहाय्य देऊ लागले. पूर्वीच्या शिकाऱ्यांनीच पुढे शेकडो व्हेल शार्क समुद्रात परत सोडले. २०११ पासून उपग्रह-खुणांद्वारे त्यांच्या स्थलांतराचा अभ्यासही सुरू झाला.

तथापि जागतिक पातळीवर ही जाती २०१६ पासून संकटग्रस्त गणली जाते. अनुसूचीतील इतर जातींना असे लोकप्रेम लाभलेले नाही. करवत मासे तर भारतीय किनाऱ्यावर क्वचितच आढळतात. ते जाळ्यात सापडतात तेव्हा त्यांचे भवितव्य मच्छीमाराच्या निर्णयावरच अवलंबून असते. यामुळे कायद्यास भरपाईची व लोकमताची जोड आवश्यक आहे, हे सौराष्ट्रातील अनुभवावरून स्पष्ट होते.