पुण्यातील इतिहाससंशोधन आणि पूर्वग्रहाची पारख

मराठ्यांच्या इतिहासाचे आधुनिक लेखन जेम्स ग्रँट डफच्या १८२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडी ग्रंथापासून सुरू झाले, असे सामान्यतः मानले जाते. पेशवाईच्या अस्तानंतर साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी असलेल्या या अधिकाऱ्याने साधने परिश्रमपूर्वक जमवली. परंतु जेत्यांचा सेवक या नात्याने तो मराठ्यांच्या हेतूंचा अर्थ लावीत असे, आणि अफझलखानवधासारख्या प्रसंगी त्याने विश्वासघाताचा ठपका शिवाजी महाराजांवर ठेवला. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण अभ्यासकाने त्या ग्रंथावर टीका करून त्यातील परकीय दृष्टी उघड केली. लगोलग, १८६९ साली, जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवरील पवाड्यात महाराजांना कुणबी-शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले आणि इतिहासावरील ब्राह्मणी वर्चस्वालाच आव्हान दिले. इंग्रजांचा पक्षपात आणि स्वकीयांतील उच्चवर्णीयांचा पक्षपात हे दोन्ही प्रश्न अशा रीतीने पुण्याच्या वैचारिक जीवनात जवळजवळ एकाच वेळी उपस्थित झाले.

यावर उपाय म्हणून इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदांचा आग्रह धरला. बखर, म्हणजे घटनेनंतर बहुधा बऱ्याच काळाने लिहिलेला गद्य वृत्तांत, तीत आश्रयदात्याचा गौरव व घराण्याचा अभिमान सहज मिसळतो. उलट व्यवहाराच्या निकडीतून लिहिलेल्या समकालीन पत्रालाही बाजू असली, तरी ते भावी पिढ्यांचे मन वळवण्यासाठी रचलेले नसते, असा या आग्रहामागील विचार होता. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले.

तथापि ज्या कसोटीने बखरकार तोलले गेले ती राजवाड्यांना स्वतःच्या लेखनास तितक्याच काटेकोरपणे लावता आली नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी केलेल्या प्रतिकूल विधानांना केशव सीताराम ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून उत्तर दिले. राजवाड्यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. पण जातीविषयीचा जो ग्रह लेखकाला स्वयंसिद्ध वाटतो तो त्याच्या विद्वत्तेच्या नजरेतून निसटतो, आणि ज्याला त्या ग्रहाची झळ लागते त्याला तो तत्काळ दिसतो.

राजवाड्यांचे थोरपण त्यांच्या निष्कर्षांपेक्षा मूळ कागद छापण्याच्या निश्चयात अधिक आहे, कारण छापलेला कागद संपादकाच्या मताशी बांधील राहत नाही आणि विरोधकालाही तो वाचून संपादकाचा निष्कर्ष खोडता येतो. निःपक्षपातीपणा हा एका व्यक्तीच्या सद्हेतूवर सोडून चालत नाही, त्यासाठी पुरावे खुले असावे लागतात आणि भिन्न जातींच्या व मतांच्या अभ्यासकांना ते तपासण्याचा समान अधिकार असावा लागतो, हे पुण्याच्या या परंपरेने तिच्या कर्तृत्वाने आणि तिच्या उणिवांनीही सिद्ध केले आहे.