जंतूंचे पाठभेद

मालवणच्या बाजारात मासा घेणारा माणूस कल्ले उचलून पाहतो, बोटाने अंग दाबतो, वास घेतो. हेही एक वाचनच आहे, आणि नासलेला मासा ओळखण्यास ते पुरते. पण ज्या जंतूमुळे माणूस आजारी पडतो, तो पुष्कळदा ना वास देतो, ना रंग बदलतो. मग खानावळीत जेवलेली दहा-वीस माणसे अंथरुणाला खिळली, की दोष कोणावर येतो? स्वयंपाकिणीवर, नाहीतर मासे विकणाऱ्या बाईवर. पुरावा नसतो, संशय मात्र तिच्या पाटीला चिकटून राहतो.

या संशयाला शास्त्राचे उत्तर मिळण्याची सुरुवात जपानमध्ये झाली. १९५० साली ओसाका परिसरात शिरासू नावाची अर्धवट सुकवलेली बारीक मासळी (आपल्या तारलीच्या जातकुळीतली पिल्ले) खाऊन २७२ माणसे आजारी पडली, २० दगावली. त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्यामागचा जंतू शोधला. आज त्याला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस म्हणतात. पटकीच्या जंतूचा हा भाऊबंद उबदार खाऱ्या पाण्यात मुळातच राहतो, आणि कोकणच्या खाड्यांचे पाणी तसेच आहे. कालवणाच्या उकळीत तो मरतो. ज्या विळीवर कच्चा मासा चिरला तिच्यावरच कांदा चिरला, तर मात्र पानात येतो. शिवाय समुद्रातील त्याचे बहुतेक वाण निरुपद्रवी असतात. म्हणजे 'जंतू सापडला' एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. कोणता सापडला, हा प्रश्न आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न ओळखीचा वाटावा. पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना असंख्य पोथ्या ताडून पाहिल्या. ते काम १९६६ साली पुरे झाले. पाठचिकित्सेचे एक सूत्र असे, की दोन पोथ्यांत तीच विशिष्ट चूक आढळली तर त्यांचा पूर्वज एक असण्याचा संभव मोठा. जनुकीय क्रमवाचन नेमके हेच करते. जंतू दुभंगताना आपली पोथी उतरवून काढतो आणि क्वचित एखादे अक्षर चुकतो. रोग्याच्या पोटातील आणि संशयित अन्नातील जंतूंची अक्षरे जुळली, चुकांसकट जुळली, तर दोघांचे मूळ एक.

१९९६ साली कोलकात्यात या जंतूचा ओ३:के६ हा नवा वाण आढळला आणि काही वर्षांतच आग्नेय आशिया, जपान, अमेरिका येथे पोचला. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी या वाणाची सुमारे ५२ लाख अक्षरांची संहिता प्रसिद्ध केली. दूरदूरच्या रोग्यांत सापडलेले जंतू एकाच घराण्याचे आहेत की नाहीत, हे अक्षरश: ताडून पाहणे त्यामुळे शक्य झाले.

चुकीच्या वाचनाची किंमत २०११ साली जर्मनीत दिसली. ई. कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसे मेली आणि हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकड्यांकडे बोट दाखवले. काकड्यांवर जंतू होता खरा, पण तो रोग्यांमधला नव्हता. हे कळेपर्यंत स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडून गेला होता. साथीच्या जंतूची संहिता जूनच्या आरंभीच खुली झाली आणि देशोदेशीच्या अभ्यासकांनी ती काही दिवसांत वाचून काढली. तथापि माग लागला तो कोणी काय खाल्ले याच्या चिकाटीने केलेल्या चौकशीतून. तो मोड आलेल्या मेथीपर्यंत, तिच्या इजिप्तहून आलेल्या बियाण्यापर्यंत गेला. संहिता साक्ष देते. साक्षीदाराला प्रश्न माणसांनीच विचारावे लागतात.

आणि जी पोथी कोणी जपून ठेवली नाही, तिला वंशवृक्षात जागा मिळत नाही. मालवणच्या खाडीतल्या तिसऱ्या, देवबागची सुकट, बाजारातला बांगडा यांवरचे जंतू नियमाने गोळा करून, वाचून, जपून ठेवले, तरच उद्या आळ आलेल्या मासेवाल्या बाईला 'हा पाठ माझ्या पाटीतला नाही' असे म्हणता येईल. आणि पाठ खरोखर तिच्याच पाटीतला निघाला, तर निदान बाकीचा बाजार तरी त्या आळातून सुटेल.