ग्रहणाची छाया आणि हौशी निरीक्षक

ग्रहण लागले की दार लावून बसावे, ही आमची जुनी रीत. तथापि २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातून पुढे सरकली, तेव्हा विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर, जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आणि विदर्भातील तळणी येथे ब्रिटिश हौशी निरीक्षक वेध घेत होते. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, ही समजूत मात्र खरी नव्हे. त्याची पिवळी रेषा लॉकियर यांना १८६८ सालीच इंग्लंडात दिसली होती. पुढे २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली व आमच्याकडील हौशी निरीक्षणास घर लाभले. सदलग्याच्या आम्हां मंडळींनी दुर्बिणीवाचून अडून राहू नये. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी निर्धास्त पाहता येते. दूधगंगेच्या काठी तेवढा आरंभ पुरे.