महासीर : बीजसंवर्धन आणि गळमासेमारी (भिवपुरी–लोणावळा परिसर)

महासीर (टॉर खुद्री) हा सह्याद्रीतल्या खडकाळ, वाहत्या नद्यांमधला कार्पकुळातील मोठा मासा आहे. मराठीत त्याला खडची, कुडीस अशीही नावे आहेत. कर्नल डब्ल्यू. एच. साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. मोठे, जाड खवले, मांसल ओठ आणि निळसर झाक असलेले पर ही त्याची ओळख. वीस किलोंहून जड मासे पूर्वी नोंदले गेले आहेत.

हलकी काठी आणि कृत्रिम माशी घेऊन ओढ्यातले मासे पकडण्याचा खेळ जगात मुख्यतः ट्राउटवर वाढला. भारतात ट्राउट काश्मीर, कुलू, निलगिरी, मुन्नार अशा थंड जागी रुजवला गेला. पाणी विसाएक अंश सेल्सिअसच्या वर फार काळ राहिले की त्याला ते सोसत नाही. कर्जतला मे महिन्यात हवाच चाळिशी ओलांडते, त्यामुळे रायगडच्या ओढ्यांत ट्राउट सोडणे निरर्थक आहे. इथे ती जागा महासीर घेतो आणि ताकदीत तो ट्राउटहून सरस आहे.

भिवपुरीचे पाणी दोन खोऱ्यांना जोडणारे आहे. घाटावर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडी धरण आहे. हे पाणी मुळात इंद्रायणी, भीमेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाणारे. ते नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, कर्जतच्या पूर्वेच्या भिवपुरी वीजगृहात आणले जाते. टाटांचे हे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. (नेरळ आणि कर्जत यांच्यामधले भिवपुरी रोड स्थानक या वीजगृहापासून दूर आहे.) टर्बाइनमधून सुटलेले पाणी उल्हास नदीला मिळते. त्यामुळे कोकणातले इतर ओढे फाल्गुनात आटले तरी उल्हास वाहत राहते. खोपोलीच्या वीजगृहामुळे पाताळगंगेची स्थिती अशीच आहे.

या पाण्यात उतरणाऱ्याने एक गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. विजेची मागणी वाढली की वीजगृहातून जास्त पाणी सुटते आणि आकाश निरभ्र असतानाही नदी चढते. पाणी गढुळले, काठावरचा कोरडा दगड भिजू लागला, की लगेच बाहेर यावे. दोर गुंडाळत बसू नये.

बीजसंवर्धनाचे काम घाटमाथ्यावर लोणावळ्याला झाले. तिथल्या वळवण तलावाकाठी टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभी महासीर पैदास केंद्र उभारले. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्या कामातून या माशाच्या कृत्रिम प्रजननाची पद्धत बसली. पावसाळ्यात तलावाकडे येणाऱ्या प्रवाहांच्या तोंडाशी विणीला चढलेली मादी पकडतात, हलक्या हाताने पोट दाबून सोनेरी-पिवळी अंडी कोरड्या भांड्यात काढतात आणि नराचे शुक्रद्रव (मिल्ट) त्यांत मिसळून मग पाणी घालतात. वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये तीन-चार दिवसांत पिल्ले निघतात. सुरुवातीचे काही दिवस ती पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात आणि ट्रेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दाटी करून राहतात. पुढे बोटभर झाल्यावर त्यांना तलावात किंवा नदीत सोडतात. महासीर एका वेळी थोडीच अंडी घालतो, म्हणून रोहू-कटल्याप्रमाणे त्याचे बीज स्वस्तात आणि मुबलक निघत नाही. एवढे असूनही या केंद्राने लाखो पिल्ले अनेक राज्यांना पुरवली, हे मोठे काम आहे.

मासेमारीचे तंत्र असे. साध्या गळात आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोर ओढून नेते. माशीच्या गळात वजन दोराचेच असते. पिसे आणि धागे बांधलेली आकडी जवळजवळ वजनहीन असते. काठी मागे-पुढे हलवून दोर हवेत उलगडायचा आणि टोकाचा निमुळता, पारदर्शक तंतू पाण्यावर हळूच उतरवायचा. ट्राउटला चार-पाच क्रमांकाचा दोर पुरतो, महासीरला सहा ते आठचा लागतो. महासीर पाणकिडे, खेकडे, गोगलगायी, लहान मासे आणि काठावरच्या उंबराची पडलेली फळेही खातो. म्हणून माशी किड्यासारखी, माशासारखी किंवा फळासारखी बांधतात. खळाळ जिथे डोहात उतरतो ती जागा उत्तम. तिथे खालून वर चालत, प्रवाहाकडे तोंड करून असलेल्या माशाच्या मागून जावे. माशी तोंडात गेल्यावर महासीर पहिली धाव सरळ प्रवाहात घेतो. दोर घट्ट धरला तर तो तुटतो आणि कच्ची आकडी माशाच्या घशातल्या दातांत चिरडते. पाणी निवळलेले असते तो ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा काळ योग्य. पावसाळा विणीचा असल्याने वर्ज्य धरावा.

रायगडात पहिल्या पावसात नदीतून ओढ्यांत, ओढ्यांतून भातखाचरांत चढणारे मासे धरण्याची जुनी पद्धत आहे, तिला वलगण म्हणतात. कातकरी आणि शेतकरी कुटुंबांसाठी ते अन्न आहे. माशीचा गळ हा छंद आहे आणि महासीरच्या बाबतीत मासा परत सोडणे हाच त्याचा नियम असावा. त्यासाठी काट्याविना आकडी वापरतात, हात ओले करतात आणि माशाचे तोंड प्रवाहाकडे धरून तो आपल्या बळावर निघेपर्यंत थांबतात. नदीत सुरुंग उडवणे किंवा विष कालवणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे. महाड तालुक्यात वाळणकोंडला आणि वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहात देवाचे मासे म्हणून महासीर राखले जातात. तिथे गळ टाकत नाहीत.

सोडलेल्या बीजाची दुसरी बाजू कावेरीत दिसली. लोणावळ्याचे महासीर तिथल्या नदीत सोडले गेले, वाढले आणि कावेरीच्या स्वतःच्या कुबडी महासीरला (टॉर रेमादेवी) त्यांनी मागे सारले. कुबडी महासीर आज धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त वर्गात आहे, तर टॉर खुद्री त्याच यादीच्या संकटग्रस्त वर्गातून बाहेर पडला आहे. पूर्वेला वाहणाऱ्या भीमेच्या खोऱ्यातले पाणी जिथे नळांतून पश्चिमेच्या उल्हासात येते, त्या भिवपुरीच्या परिसरात म्हणूनच बीज सोडण्याआधी त्या नदीत मूळचा कोणता मासा राहतो याची पाहणी व्हायला हवी आणि बीज त्याच खोऱ्यातल्या जनकांपासून काढायला हवे.